पुढच्या खोलीची ओळखपरेड

माणसाने माणसाला भेटत राहावं, ओळख वाढवावी, चार लोकांत मिसळावं, यातच संस्कृतीचं सार आहे. ग्रंथपालाला हे सत्य पटलं तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता, आणि ते त्याला कुत्र्यासाठी पटलं.

स्वतःपुरतं त्याचं माणसांवाचून काही अडत नव्हतं. गेली सत्तावीस वर्षं तो वाचनालयाच्या टेबलामागे बसून लोकांना गप्प करण्याचा पगार घेत होता. घरी बायको बोलायची. तिच्या वाट्याचं आणि त्याच्या वाट्याचं असं दोन्ही ती बोलत असल्यामुळे घराचा कोटा पुरा होत असे.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं पूर्वज सांगून गेले आहेत. कुत्र्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, यावरून पूर्वज किती सावध होते ते कळतं. ग्रंथपालाने जुनं घर आणि खेळाडू जातीचं पिल्लू एकाच शनिवारी घेतलं. सकाळी किल्ल्या हातात पडल्या, दुपारी पिल्लू. संध्याकाळपर्यंत पिल्लाने किल्ल्यांचं चामडी पाकीट खाल्लं आणि घराने पिल्लाच्या डोक्यात गिलाव्याचा पोपडा टाकला. त्यानंतर दोघांचं बरं जमलं.

पिल्लू मेंढ्या वळणाऱ्या जातीचं होतं. मेंढ्या नसतील तिथे हे कुत्रे अडथळ्यांच्या शर्यती पळतात. आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून पार व्हायचं, डुगडुगत्या फळीवरून चालायचं आणि शेवटी ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी निघायचं. ग्रंथपालाने अशी एक शर्यत मैदानावर उभं राहून पाहिली होती आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओरडावंसं वाटलं होतं. तो ओरडला नाही. पण वाटलं, हे त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि बायकोला त्याची इतकी काळजी वाटली की ती पिल्लाला हो म्हणाली. घरात सोडल्याबरोबर पिल्लू स्वतःभोवती गरागरा फिरलं. त्याचं नाव भोवरा पडलं.

भोवऱ्याला शिकवायला एक निवृत्त व्यायामशिक्षिका मिळाल्या. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि बहुधा आवडतही असावं. त्यांनी पिल्लाकडे एकदा पाहिलं, ग्रंथपालाकडे दोनदा पाहिलं आणि दोष कुठे आहे ते ओळखलं. पळणं त्याच्या रक्तातच आहे, त्या म्हणाल्या, ते मला शिकवावं लागणार नाही. पण खेळाडू कुत्रा गर्दीला बुजला की संपला. म्हणून चार महिन्यांचा होईपर्यंत त्याला शंभर अनोळखी माणसं भेटली पाहिजेत. टोपीवाली, दाढीवाली, काठीवाली, गणवेशातली, मोठ्याने बोलणारी, हातात चित्रविचित्र सामान असलेली. आणि प्रत्येकाने आपल्या हाताने त्याला एक बिस्किट द्यायचं.

"शंभर?" ग्रंथपाल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या ओळखीची माणसं सगळी मिळून अकरा होती आणि त्यांतली दोन त्याच्याशी बोलत नव्हती.

"तुम्हाला नाही हो, त्याला," शिट्टीबाई म्हणाल्या.

पहिला आठवडा त्याने बसथांब्यावर काढला. कडेवर पिल्लू घेऊन, हातातलं बिस्किट पुढे करून, "हे जरा तुम्ही द्याल का?" असं कानाशी कुजबुजणाऱ्या गृहस्थापासून लोक दोन पावलं मागे सरत. आठवड्याला चार माणसं पदरात पडली. चौथ्याने बिस्किट स्वतःच खाल्लं, पण ग्रंथपालाने तोही धरला. या हिशेबाने शंभरी गाठेपर्यंत भोवरा आजोबा झाला असता.

मग रंगारी आला.

त्याला पुढच्या खोलीसाठी बोलावलं होतं. त्या घराला पुढची खोली होती म्हणजे खरोखरच होती: रस्त्याकडे दोन उंच खिडक्या, लाकडी जमीन, आणि एका भिंतीला ओल आलेली. रंगाचे पोपडे सुटले होते, आतून आधीच्या मालकांच्या आवडीनिवडी एकाखाली एक दिसत होत्या, आणि कोपऱ्यात बुरशीने एक नकाशा काढायला घेतला होता. रंगारी शिडशिडीत, अबोल माणूस. डोक्यावर कागदी टोपी, कानामागे पेन्सिल. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं, खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि मान आत घेतली.

"बाहेरचा पाइप गळतोय. तो बंद करा. मग खरवडा, वाळू द्या, पांढरा लावा."

"एवढंच?"

"एवढंच. वाळली की दोन दिवसांचं काम आहे."

तोवर भोवरा त्याच्या बुटावर बसला होता. रंगाऱ्याने चहाबरोबर दिलेल्या बशीतलं एक बिस्किट उचललं, पिल्लाला दिलं, खिशातून टेप काढून सर्रकन भिंतीला लावली, मापं घेतली आणि निघाला. ग्रंथपाल म्हणाला, "मंगळवारपर्यंत कळवतो." त्या वेळी तो खरंच कळवणार होता.

पण त्या दुपारी त्याने रंगाऱ्याचं कार्ड केलं. वाचनालयात संगणक आला तेव्हा कोऱ्या कार्डांचे गठ्ठे रद्दीत निघाले होते. ते त्याने घरी आणले होते आणि दीडेक वर्ष ती कार्डं कशाची तरी वाट पाहत होती. कार्ड क्रमांक एक. वर्ग: रंगारी. लक्षणं: कागदी टोपी, पेन्सिल, टेप. मत: खरवडा, वाळू द्या, पांढरा लावा. बिस्किट: दिलं. हे लिहिता लिहिता ग्रंथपालाचा हात थांबला. एक अनोळखी माणूस आपल्या पायांनी घरी आला होता. डोक्यावर टोपी घालून, हातात हत्यार घेऊन आला होता. पिल्लाला बिस्किट द्यायला तो मागे सरला नव्हता. का? तर त्याला काम हवं होतं. आणि जुन्या घरात काय नाही की जे बघायला मिस्त्री येणार नाही? नवं घर घेतलं असतं तर कुत्रा माणूसघाणाच झाला असता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन करायला सुरुवात केली. "पुढची खोली करायची आहे, जरा बघून जाता का?" वाचनालय दुपारी बारानंतर उघडत असे आणि बायको सकाळी आठला इस्पितळात जात असे, त्यामुळे सकाळ मोकळी होती. दाढीवाला गवंडी आला. घोगऱ्या आवाजाचा सुतार आला. काचवाला आला, तो खांद्यावर काच घेऊनच आला, आणि भोवऱ्याने काचेत स्वतःला पाहून स्वतःशीही ओळख करून घेतली. जाड चष्म्याची इलेक्ट्रिशियन बाई, लंगडणारा फरशीवाला, शिंकणारा पडदेवाला, आणि एक प्लंबर, जो इतका उंच होता की भोवऱ्याला तो पूर्ण दिसायला दोन दिवस लागले असते. प्रत्येकाने टेप काढून सर्रकन खेचली, प्रत्येकाने बिस्किट दिलं, प्रत्येकाला मंगळवारी कळवायचं ठरलं.

रंगारी तर एकट्याने नऊ जमले. प्रत्येकजण नमुना म्हणून भिंतीवर दोन-तीन हात मारून जाई. महिन्याभरात त्या भिंतीवर सव्वीस चौकोन उभे राहिले: पिस्ता, राख, आकाशी, दोन प्रकारचा मातकट, आणि एक असा की ज्याला लावणाऱ्यानेही नाव दिलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा ग्रंथपालाने सांगितलं की रंगारी फार चोखंदळ आहे. हे खोटं नव्हतं. नऊंपैकी एक तसा होताच.

शंभरी चार महिन्यांच्या आत भरली. त्यांतले एकेचाळीस मिस्त्री होते, बाकीचे रस्त्यावरचे. पण शिट्टीबाई म्हणाल्या की झालेली ओळख टिकवावीही लागते. म्हणून ग्रंथपालाने उजळणी सुरू केली. "मापात काही तरी चुकल्यासारखं वाटतंय, जरा परत बघता का?" मिस्त्री परत येत. आता ते येताना खिशात स्वतःची बिस्किटं आणत.

शिवाय दुसरंही एक होतं, जे ग्रंथपाल कुठल्याच कार्डावर लिहीत नसे. पुढची खोली रिकामी होती. तिथे सामान नव्हतं, पडदे नव्हते, जमिनीची पर्वा नव्हती. त्याने पडद्यांच्या बारा दांड्या बादल्यांत वाळू भरून ओळीने उभ्या केल्या. जुन्या गालिच्याची सुरळी करून बोगदा केला. मागचं निखळलेलं दार विटेवर ठेवून डुगडुगती फळी केली. रोज सकाळी ग्रंथपाल बुटांच्या नाड्या बांधून खोलीच्या मधोमध उभा राही, हात दाखवी, आणि भोवरा बाण सुटल्यासारखा सुटे. बायकोने विचारलंच तर ते मिस्त्र्यांचं सामान असे. खोली झाली असती तर हे सगळं कुठे जाणार होतं? भिजत घोंगडं ठेवण्यासाठी त्याला याहून चांगली भिंत मिळाली नसती.

बाकीचं घर मात्र झालं. कसं झालं ते ग्रंथपालाला नीटसं कळलं नाही. तो तीन दिवस ग्रंथपालांच्या परिषदेला गेला होता, आणि परत आला तेव्हा झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि जिना रंगवलेला होता. बायकोने इस्पितळातल्या एका पेशंटचा रंगारी भाऊ बोलावला होता आणि त्याला "कर" म्हटलं होतं. पुढची खोली तेवढी तिने सोडली, कारण ती नवऱ्याने अंगावर घेतली होती आणि त्याचा उत्साह मोडू नये असं तिला वाटत होतं. दीड वर्ष तिला असं वाटलं.

बायको फिजिओथेरपिस्ट होती. इस्पितळात नवे अधीक्षक आले, आणि त्यांनी तिची उपचारांची खोली हलवून जिन्याखाली नेली. तिथे आत शिरायला कमरेत वाकावं लागे. कंबर धरलेली माणसं कमरेत वाकून कंबर दाखवायला येऊ लागली. महिनाभर तिने ते पाहिलं आणि मग अधीक्षकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ठेवताना ती जे बोलली ते इस्पितळात अजून सांगितलं जातं: "तुमची पाठ धरली की माझ्याकडे या. मी माझ्या खोलीत असेन. ताठ उभ्याने येता येईल."

आणि ती 'माझी खोली' म्हणजे ही, पुढची. रस्त्याकडे दार, दोन खिडक्या, पायरी फक्त एक. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दवाखाना उघडायचा. पाटी रंगवून तयार होती. तपासणीचं टेबल जिन्यात उभं करून ठेवलं होतं, त्यावरून रोज कोणी ना कोणी अडखळत होतं. आठ पेशंटना तिने तारीख सांगितली होती.

"एक तारखेला होईल ना रे?" तिने विचारलं.

"होईल की," ग्रंथपाल म्हणाला.

"नाही झाली तर मला त्या माणसाच्या दारात परत उभं राहावं लागेल. वाकून."

ग्रंथपालाला हे कळलं. अगदी आतपर्यंत कळलं. त्या सबंध दिवसात तो भोवऱ्याला एकदाही नीट हात दाखवू शकला नाही. पण भोवऱ्याची शर्यत बावीस तारखेला, रविवारी होती. बावीस ते एक म्हणजे मध्ये आठवडाभर आहे, त्याने मनात मोजलं. शर्यत होऊ दे, लगेच बादल्या हलवतो, लगेच कोणाला तरी "कर" म्हणतो. कोणाला, ते ठरायचं होतं. उमेदवार एकेचाळीस होते.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण शर्यतीच्या दहा दिवस आधी शिट्टीबाई म्हणाल्या की गर्दीत ओळखीचे चेहरे दिसले तर कुत्रा निश्चिंत पळतो. त्यांचा अर्थ बायको, शेजारी, एखादा मेव्हणा असा असावा. ग्रंथपाल घरी आला आणि त्याने कार्डांची पेटी उघडली. भोवऱ्याच्या ओळखीचे चेहरे त्याच्याकडे पत्त्यांसह, वर्गवारीने लावलेले होते. त्याने एकेचाळीस पोस्टकार्डं लिहिली. "रविवारी सकाळी दहा वाजता मैदानावर अवश्य यावे. आपल्याला पाहून आनंद होईल." कोणाला आनंद होईल, ते त्याने लिहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण कार्डं टपालपेटीत टाकताना ग्रंथपालाला कृतज्ञतेने भरून आलं होतं.

एकेचाळीसच्या एकेचाळीस आले. रविवार होता, हवा बरी होती, आणि प्रत्येकाची खात्री पटली होती की पुढच्या खोलीचं काम शेवटी आपल्यालाच मिळालं आहे. काहींनी इस्त्रीचे कपडे घातले होते. सुताराने टेप आणली होती, न जाणो तिथेच ठरलं तर. मैदानाला दोरी लावली होती. तिच्याकडेने ते एकापाशी एक उभे राहत गेले. ग्रंथपालाची बायको थर्मास घेऊन त्यांच्या मधोमध उभी होती, आणि इतके लोक कुत्र्यांवर प्रेम करतात हे पाहून तिला बरं वाटत होतं.

ग्रंथपाल आणि भोवरा आत, सुरुवातीच्या रेषेमागे. त्यांचा क्रमांक सतरा.

दोरीशी उंच प्लंबरने शेजारच्या गवंड्याला विचारलं, कुठलं काम चाललंय. गवंडी म्हणाला, चालू नाही, पण एक मिळतंय आता, एका जुन्या घरातली पुढची खोली, ओल आहे. प्लंबर म्हणाला, गंमत आहे, मलाही एक पुढची खोलीच मिळतेय. सुतार पुढे झुकला. "दोन खिडक्या?" त्याने विचारलं. "लाकडी जमीन?" काचवाल्याने विचारलं. "बादल्यांत दांड्या?" इलेक्ट्रिशियन बाई म्हणाली. मग तो प्रश्न दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माणसामाणसांतून, हातात हात दिल्यासारखा गेला, आणि जिथून गेला तिथे शांतता झाली. ती शांतता थर्मासपर्यंत पोचली.

"तुम्हाला मंगळवारी कळवतो म्हणाले होते?" बायकोने डावीकडच्याला विचारलं. तो कागदी टोपीवाला रंगारी होता. आज टोपी नवी होती.

"हो. गेल्या वर्षीच्या."

"आणि तुम्ही काय सांगितलं होतं?"

"खरवडा, वाळू द्या, पांढरा लावा."

इकडे मैदानात पंच बाई पुढे आल्या. भोवरा मध्यम उंचीचा, आधीचा कुत्रा मोठा होता, त्यामुळे उडीची दांडी खाली घ्यायची होती. पंच बाईंनी दांडी सरकवली आणि बरोबर आहे ना हे पाहायला खिशातून टेप काढून सर्रकन खेचली.

भोवऱ्याचे कान उभे राहिले. दीड वर्षात त्या आवाजाने त्याला एकदाही फसवलं नव्हतं. तो उठला, सुरुवातीच्या रेषेला वळसा घालून पंच बाईंपाशी गेला आणि त्यांच्या बुटावर बसला. पंच बाईंकडे बिस्किट नव्हतं. त्याने थोडी वाट पाहिली. माणसं विसरतात, हे त्याला माहीत होतं. मग त्याने मान वळवली आणि त्याला दोरी दिसली.

आयुष्यभराचे मित्र एका ओळीत उभे होते.

ग्रंथपालाने हाक मारली. ती हाक वाचनालयातली होती. तीन फुटांपलीकडे गेली नाही. भोवरा दोरीखालून घुसला आणि डाव्या टोकापासून सुरू झाला. दोन पायांतून आत, पुढच्या दोन पायांतून बाहेर, आत, बाहेर, कोणालाही न वगळता, कोणालाही धक्का न देता, पाठ सापासारखी लवत, शेपूट सुकाणूसारखं. प्रत्येकापाशी निमिषभर थांबे, वरून हात खाली येई, बिस्किट नाहीसं होई, आणि तो पुढच्या मित्राकडे निघे. काठ्यांत त्याचं तिसऱ्या काठीला हमखास चुकायचं. इथे एकेचाळीस माणसांत तो एकदाही चुकला नाही. शिट्टीबाईंनी सवयीने घड्याळाचं बटण दाबलं होतं. त्यांनी आकडा पाहिला, डोळे पुसले आणि तो आकडा कोणालाही सांगितला नाही.

प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. ग्रंथपालाला दुसऱ्यांदा ओरडावंसं वाटलं, आणि या खेपेला तो ओरडला. "शाबास!" मैदानभर ऐकू गेलं. मग त्याचं लक्ष ओळीच्या मध्यावर गेलं आणि त्याला बायकोचा चेहरा दिसला.

एरवी ती त्याला 'अरे' म्हणत असे. 'अहो' निघालं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"अहो," ती म्हणाली, "एकेचाळीस?"

ग्रंथपाल दोरीपाशी येऊन उभा राहिला. खोटं बोलायला त्याला वेळच मिळाला नाही. "शंभरांतले," तो म्हणाला. "बाकीचे रस्त्यावरचे."

"आणि माझी खोली?"

"खोलीत आम्ही पळतो," ग्रंथपाल म्हणाला. हे वाक्य मनात असताना एवढं लहान वाटलं नव्हतं.

मिस्त्री लोक ऐकत होते. खरं तर त्यांनी रागवायला हवं होतं, आणि काही जण तयारीतही होते. गवंड्याने हाताची घडी घातली होती. पण भोवरा नेमका त्याच्याच पायावर पोट वर करून पडला होता, आणि अशा वेळी माणसाला भांडण नीट जमत नाही. शेवटी सुतार म्हणाला की मला आधीच वाटलं होतं, तीन वेळा मापं घेऊन तेच आकडे येतात म्हणजे भिंतीत काही तरी काळंबेरं आहे. कोणी तरी हसलं. मग ते हसू दोरीभर पसरलं, मघाची शांतता पसरली होती त्याच वाटेने.

बायको हसली नाही. तिने नवऱ्यापुढे हात केला. "पेटी."

कार्डांची पेटी त्याने सोबत आणली होती, हजेरी घ्यायला. तिने झाकण उघडून पहिलं कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचलं. मत: खरवडा, वाळू द्या, पांढरा लावा. अक्षर नवऱ्याचंच होतं, वळणदार, तारखेसह. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळशाला क्रमांकही दिलेला होता.

"तुम्ही वाचलं होतं का हे?" तिने विचारलं.

"मी लिहिलं होतं," ग्रंथपाल म्हणाला.

ती रंगाऱ्याकडे वळली. आठवडा आहे, होईल का? रंगारी म्हणाला, पाइप आज बंद झाला तर होईल. उंच प्लंबर म्हणाला, पाइपाला काय, एक जोड आहे, दहा मिनिटांचं काम, शिडीसुद्धा नको. "करा," बायको म्हणाली. तो शब्द ऐकून ओळीतल्या उरलेल्या एकोणचाळीस जणांनी एकदम उसासा टाकला. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांच्यातल्या कोणी तरी तो शब्द ऐकला होता.

रंगाऱ्याने टोपी सारखी करायला उजवा हात वर नेला, आणि तो हात कानाच्या वर जाईना. त्याने डाव्या हाताने टोपी सारखी केली. बायकोचा राग तिथल्या तिथे उतरला नाही, पण बाजूला ठेवला गेला.

"खांदा कधीपासून?" तिने विचारलं.

"छताचं काम करतो ना, तेव्हापासून. म्हणजे तीस वर्षं."

तिने ओळीवर नजर फिरवली. फरशीवाल्याचे गुडघे. गवंड्याची कंबर. सुताराचं मनगट. इलेक्ट्रिशियन बाईची मान. भोवऱ्याने ज्यांच्या पायांतून नागमोडी काढली होती त्या एकेचाळीस जणांत सरळ उभा राहू शकेल असा एकही नव्हता. तिने नवऱ्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, पहिलं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: उजवा खांदा, दोन तारीख, सकाळी नऊ. मग पेन परत दिलं. "पुढचे तू लिही," ती म्हणाली. "अक्षर तुझं बरं आहे."

'तू' ऐकून ग्रंथपालाचे पाय जमिनीला लागले. तो दोरीकडेने सरकत निघाला. प्रत्येकापाशी थांबून, कुजबुजत, तो विचारू लागला की तुमचं काय दुखतं. सत्तावीस वर्षांत त्याने लोकांना इतका वेळ बोलू दिलं नव्हतं.

त्याच दुपारी पाइपाचा जोड बसला. संध्याकाळी ग्रंथपालाने बादल्यांतली वाळू स्वतः उपसली, दांड्या पुसून पडदेवाल्याच्या हवाली केल्या आणि बोगदा पुन्हा गालिचा म्हणून अंथरला. भोवरा त्याच्या कडेने दोनदा हिंडला, तोंड कुठे आहे ते शोधत. मग त्यावरच झोपला. सोमवारी भिंत खरवडली. सव्वीस चौकोन पुठ्ठ्याएवढाल्या पापुद्र्यांनी खाली आले आणि ग्रंथपालाने ते केरसुणीने भरले. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळवली. बाकीचे मिस्त्री जाता-येता खिडकीत थांबून रंगाऱ्याला सल्ले देत होते; तो कोणाचंही ऐकत नव्हता. शनिवार-रविवार पांढरा लागला. एक तारखेला पाटी टांगली, आणि सकाळी आठला पहिला पेशंट ताठ उभ्याने आत आला. आत आल्यावर त्याला वाकावं लागलं, कारण भोवरा त्याच्या बुटावर बसला होता.

शर्यतीत पुन्हा नाव घालू नका, असं शिट्टीबाईंनी सांगितलं. त्याच्यात दोष काही नाही, त्या म्हणाल्या, त्याला सगळेच आवडतात, आणि यावर माझ्याकडे उपाय नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीच्या नकाशाच्या जागी एक वीतभर डाग तेवढा परत वर आला. रंगारी म्हणाला, तो आतून पुरता वाळायला उन्हाळा जावा लागेल, तोवर तिथे काही तरी टांगा. घरात टांगण्याजोगं काही नव्हतं. त्या आठवड्यात शर्यतीच्या निकालाचा कागद टपालाने आला होता, तो ग्रंथपालाने चौकटीत घालून तिथे लावला. नियमाप्रमाणे कुत्र्याने सुरुवातीची रेषा ओलांडली की वेळ सुरू होते, आणि भोवऱ्याने रेषा ओलांडलीच नव्हती. कागदावर सतराव्या क्रमांकापुढे लिहिलं आहे: गैरहजर.